जुना ट्रक दुरुस्त करून ठेवायचा की विकायचा? इंदूरच्या नव्या गाडीमालकांसाठी मार्गदर्शन

“मिस्त्री अडीच लाखांचा खर्च सांगतोय आणि दलाल साडेसहा लाखांत गाडी उचलायला तयार आहे. काय करू?” इंदुरात एक-दोन ट्रक बाळगणाऱ्या मराठी घरांतून हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. राजेंद्र नगर, सुदामा नगर, लोकमान्य नगर भागात अशी बरीच घरं आहेत. धंदा बघणारं माणूस थकतं किंवा जातं, आणि गाडी येते नोकरी करणाऱ्या मुलाकडे, मुलीकडे, सुनेकडे. बाबांच्या मागे आमच्या गाड्यांचा हिशेब माझ्याकडे आला, तेव्हा सल्ला देणारे पुष्कळ होते आणि प्रत्येकाचा सल्ला त्याच्या धंद्याकडे झुकलेला होता. मिस्त्रीला इंजिन बांधायचं होतं, दलालाला सौदा हवा होता, शोरूमवाल्याला नवी गाडी खपवायची होती. यात कुणी वाईट नव्हतं. पण हिशेब मात्र आपला आपणच करावा लागतो.

गाडीचं वय किंवा मिस्त्रीने सांगितलेली रक्कम, यांवरून निर्णय घेऊ नका. गाडी महिन्याला किती किलोमीटर चालते, कोणत्या रस्त्यावर चालते आणि तिचे कागद अजून किती दिवस तिला त्या रस्त्यावर राहू देणार आहेत, या तीन गोष्टींवर निर्णय ठरतो. पुढे मी दहा चाकी ट्रक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. सहा चाकीलाही पद्धत तीच, आकडे तेवढे बदलतील.

आधी हे जमवा

कागद: आरसी, फिटनेस प्रमाणपत्र, परमिट आणि नॅशनल परमिटचं (राज्याबाहेर माल नेण्याच्या परवान्याचं) ऑथोरायझेशन, विमा पॉलिसी, पीयूसी, टॅक्सच्या पावत्या, कर्ज असेल तर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं खाते-विवरण, फास्टॅगचं विवरण, गेल्या वर्षभराच्या डिझेल आणि गॅरेजच्या पावत्या, भाड्याच्या बिल्ट्या (माल नेल्याच्या पावत्या). मूळ मालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमतीही लागेल. गाडी आधी वारसाच्या नावावर चढवा, बाकीचं सगळं त्यानंतर.

हत्यारं: वही, चांगला टॉर्च, लहान हातोडी, खडू, वायर ब्रश. बास.

१. कागदांवरच्या तारखा आधी बघा

लोक आधी इंजिन बघतात. तुम्ही आरसी उघडा आणि पहिल्या नोंदणीची तारीख वहीत लिहा. तिच्यावरून चार गोष्टी ठरतात.

पहिली, फिटनेस. नव्या मालवाहू गाडीला दोन वर्षांचं फिटनेस मिळतं, पुढे आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि आठ वर्षं उलटली की दरवर्षी. म्हणजे जुन्या गाडीला हा खर्च वर्षाला एकदा आहेच. पंधरा वर्षांवरच्या जड गाडीसाठी १ एप्रिल २०२२ पासून प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाची फी १२,५०० रुपये झाली. त्यानंतरही वयाच्या टप्प्यांप्रमाणे दर वाढवले गेले आहेत, तेव्हा तुमच्या गाडीचा आजचा दर परिवहन पोर्टलवर बघून घ्या. उशिराला दिवसाला ५० रुपयांची तरतूद वेगळी. सहा महिने उभी राहिलेली गाडी अशीच महाग पडते.

दुसरी, नॅशनल परमिट. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ८८ सांगतो की दोन ॲक्सलच्या गाडीला बारा वर्षांपर्यंत आणि मल्टी-ॲक्सल गाडीला पंधरा वर्षांपर्यंतच नॅशनल परमिट मिळतं. सहा चाकी गाडी पहिल्या गटात येते, दहा चाकी दुसऱ्या. नवखे मालक हीच तारीख विसरतात. अकरा वर्षांच्या सहा चाकीत तीन लाख घालून इंजिन नवं केलं आणि वर्षभराने ती महाराष्ट्र-गुजरातच्या भाड्याला जाऊ शकली नाही, तर ते इंजिन मध्य प्रदेशातल्या भाड्यावरच वसूल करावं लागतं. ते जमतं, पण हिशेब वेगळा होतो.

तिसरी, प्रदूषणाचा टप्पा. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराचं सरकारी मानक. देशभर बीएस-४ लागू झालं १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ झालं १ एप्रिल २०२० पासून. तुमची गाडी दिल्लीची भाडी करत असेल तर हे फार महत्त्वाचं आहे. दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-३ आणि त्याहून जुन्या मालवाहू गाड्यांना १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीत प्रवेश बंद झाला, आणि बीएस-४ गाड्यांना ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मुभा दिली गेली. ज्याचा निम्मा धंदा आग्रा-दिल्लीकडे आहे त्याने ही तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहावी.

चौथी, आरसीवरचं एकूण वजन. जुलै २०१८ मध्ये केंद्राने ॲक्सलवरची वजनमर्यादा वाढवली आणि तीन ॲक्सलच्या, म्हणजे दहा चाकी गाडीचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेलं. तुमच्या आरसीवर अजून २५ लिहिलेलं असेल तर शेजारी उभी असलेली नवी गाडी दर फेरीला साडेतीन टन जास्त नेते. भाडं टनावर मिळत असेल तर हा फरक थेट तुमच्या खिशातून जातो.

या चार तारखा-आकड्यांतून “गाडीचं आयुष्य कागदावर किती उरलंय” ते कळतं. त्यापेक्षा जास्त टिकणाऱ्या दुरुस्तीवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

२. गाडी नेमकी किती चालते ते काढा

ड्रायव्हर सांगतो त्यावर जाऊ नका. फास्टॅगचं विवरण आणि डिझेलच्या पावत्या एकत्र ठेवल्या की खरे किलोमीटर आणि खरा ॲव्हरेज दोन्ही निघतात. बारा महिन्यांचे वेगवेगळे आकडे लिहा. सोयाबीनच्या हंगामातला ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि गव्हाचा मार्च ते मे हे महिने फुगलेले दिसतील, पावसाळा रिकामा. एका चांगल्या महिन्यावरून वर्षाचा अंदाज बांधला की हमखास घोटाळा होतो.

किलोमीटरला इतकं महत्त्व का, ते एका उदाहरणाने सांगते. जुनी गाडी भरून लिटरला साडेतीन किलोमीटर देते आणि नवी साडेचार, असं धरू. डिझेल ९२ रुपये.

महिन्याला १०,००० किलोमीटर चालणारी जुनी गाडी २,८५७ लिटर पिते, नवी २,२२२. फरक ६३५ लिटर, म्हणजे साधारण ५८,००० रुपये. तीस लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता येतो ६३,००० च्या आसपास. म्हणजे लांब पल्ल्याच्या गाडीत नुसत्या डिझेलच्या बचतीतून हप्त्याचा मोठा भाग सुटतो, वर गॅरेजचा खर्च आणि उभे दिवस वाचतात ते वेगळेच.

आता तीच गाडी पीथमपूर-देवास-सांवेर रोड अशी जवळची कामं करते आणि महिन्याला ४,००० किलोमीटर चालते असं धरा. डिझेलचा फरक २५४ लिटर, रुपयांत २३,००० च्या थोडा वर. हप्ता मात्र तेवढाच, ६३,०००. इथे नवी गाडी तुम्हाला दर महिन्याला खड्ड्यात घालते आणि जुनी, फिटलेल्या कर्जाची गाडी दुरुस्त करून चालवणंच शहाणपणाचं ठरतं.

हे आकडे तुमच्या पावत्यांतून घालून पुन्हा मांडा. माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो.

३. मिस्त्रीच्या आधी स्वतः गाडीखाली जा

साडी असो की पॅन्ट, जुने कपडे घालून एकदा तरी गाडीखाली शिरा. गाडी रिकामी, सपाट जागेवर, चाकांना दगड लावलेले.

इंजिनाने गाडीचं आयुष्य संपत नाही. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग बदलले की ते पुन्हा उभं राहतं. टाटाच्या जुन्या गाड्यांतलं कमिन्स ६बीटी असो की लेलँडचं एच सिरीज, सुटे भाग इंदुरात सहज मिळतात आणि ही इंजिनं डोळे मिटून उघडणारे मिस्त्री देवास नाक्यावर आहेत. गाडी संपते ती चेसिसने. म्हणून चेसिस आधी.

चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्या केबिनच्या मागून शेवटपर्यंत वायर ब्रशने घासत जा. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे ब्रॅकेट जिथे बसतात, आडव्या पट्ट्या जिथे रिव्हेटने जोडल्या आहेत आणि केबिनच्या लगेच मागे, या जागांवर बारीक चीर शोधा. चिरेच्या बाजूने गंजाची तपकिरी रेघ उतरलेली दिसते. रिव्हेटवर हातोडीने टकटक करा, सैल रिव्हेट वेगळा वाजतो. सापडेल ते खडूने खुणा करून फोटो काढा. जुनी वेल्डिंग, वरून ठोकलेली जादा पट्टी, ताजा काळा रंग या तिन्हींचा अर्थ कुणीतरी आधी इथे काम केलं आहे. एका ठिकाणचं नीट केलेलं काम चालतं. दोन-तीन ठिकाणी चिरा असतील तर माझ्या अनुभवाने ती गाडी जड कामाची राहिलेली नाही, मग इंजिन कितीही गोड वाजू दे.

केबिनची जमीन, दारांचा खालचा भाग आणि बॅटरीच्या पेटीजवळची वायरिंग बघा. जागोजाग टेप गुंडाळलेली वायरिंग गाडी जाळते.

इंजिन गरम झाल्यावर ऑइल भरायचं झाकण उघडा. तिथून धूर फुस्‌फुस्‌ करत जोरात येत असेल तर रिंगा-लायनर गेले आहेत. मिस्त्री याला “बॅक मारते” म्हणतात. एक्झॉस्टचा निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे पंप-नोझल किंवा हवेचा फिल्टर, म्हणजे बहुतेक वेळा कमी खर्चाचं काम. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर. गरम इंजिनाचा आयडलवरचा ऑइल प्रेशर काटा खाली बसत असेल तर बेअरिंग.

बीएस-६ गाडी असेल तर एवढ्यावर भागत नाही. तिच्यात डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि धुरातले घातक वायू कमी करणारी, युरियावर चालणारी एससीआर यंत्रणा असते. स्कॅनर लावून त्रुटींची नोंद काढून घ्या. डेफ (या यंत्रणेत घालायचं युरियाचं द्रावण) म्हणून भलतंच पाणी घातलेल्या गाडीचा कॅटलिस्ट बाद होतो आणि तो महाग असतो.

यानंतर गाडी भरून रस्त्यावर न्या, शक्यतो घाटात. मुंबईकडे जाणाऱ्या प्रत्येक इंदुरी गाडीला माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरवणारा गणेश घाट आणि पुढे सेंधव्याचा बिजासन घाट लागतो. गणेश घाटात ब्रेक गेल्याने झालेले अपघात इंदूर-धार भागात सगळ्यांना माहीत आहेत. उतरताना गाडी एका बाजूला ओढते का, हवेचा दाब पटकन पडतो का, ड्रायव्हरला इंजिनावर गाडी रोखता येते का, हे त्याच्या शेजारी बसून बघा. परत चढताना तापमानाचा काटा आणि गिअर सटकणं. तुमची गाडी घाट करते आणि ब्रेकचं काम “पुढच्या महिन्यात” वर गेलेलं आहे असं दिसलं, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी ब्रेक करून घ्या. त्या गाडीत कुणाचा तरी मुलगा बसलेला असतो.

४. अंदाजपत्रक तीन ढिगांत विभागा

किमान दोन गॅरेजांकडून लेखी अंदाज घ्या, एक कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपचा आणि एक बाहेरच्या मिस्त्रीचा. मग त्यातल्या ओळी तीन ढिगांत टाका.

पहिला ढीग झिजणाऱ्या वस्तूंचा: टायर, क्लच प्लेट, ब्रेक लायनर, बॅटरी, फिल्टर, बुश. हा खर्च नव्या गाडीलाही वर्ष-दोन वर्षांत येणारच आहे. तो “जुन्या गाडीचा खर्च” म्हणून मोजू नका. साठ टक्के टायर असलेली गाडी विकायला चांगली, ठेवायलाही चांगली.

दुसरा ढीग मोठ्या एककांचा: इंजिन, गिअर बॉक्स, क्राउन-पिनियन, टर्बो, पंप. हे काम नीट झालं तर काही वर्षांची निश्चिंती मिळते. इथे खर्चाला पुढच्या किलोमीटरने भागा. अडीच लाखांचं इंजिन आणि दोन वर्षं महिन्याला ४,००० किलोमीटर, म्हणजे ९६,००० किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला दोन रुपये साठ पैसे. तुमच्या भाड्यात हे बसतं का ते तुम्हालाच सांगता येईल.

तिसरा ढीग सांगाड्याचा: चेसिस, केबिन कुजणं, संपूर्ण वायरिंग. या ढिगात मोठी रक्कम दिसली की गाडी विकण्याच्या बाजूला मन वळवा. इथे घातलेला पैसा विकताना परत मिळत नाही आणि काम पुन्हा निघतं.

गॅरेजातल्या काही खाचाखोचा सांगायलाच हव्यात.

“खोलल्यावर कळेल” हे खरं असतं, मिस्त्री फसवत असतोच असं नाही. पण खोलल्यावर पुढे जायचं की नाही, हे ठरवायचा हक्क तुमच्याकडे ठेवा. खोलण्याची मजुरी वेगळी ठरवा.

क्रँक (इंजिनातला मुख्य फिरता दांडा) कितव्या साइजवर आहे ते विचारा. क्रँक झिजला की लेथवर पाव-पाव मिलिमीटरने घासून त्या मापाची बेअरिंग घालतात. शेवटच्या साइजवर आलेला क्रँक पुन्हा घासता येत नाही, नवा घ्यावा लागतो, आणि अंदाजपत्रकातला सगळ्यात मोठा धक्का तिथे बसतो.

सुटे भाग कंपनीचे की दुसरे, हे ओळीओळीने लिहून घ्या. काढलेले जुने भाग गोणीत भरून परत मागा. लोहामंडीतून भाग स्वतः आणलात तर जीएसटी बिलावर आणा, गॅरंटीच्या वेळी तेच कामी येतं.

आणि सगळ्यात मोठा सापळा: “तयार इंजिन बसवून देतो, दोन दिवसांत गाडी मोकळी.” तोडलेल्या गाडीचं इंजिन कागदाशिवाय बसवलं तर आरसीवरचा इंजिन नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळत नाही. फिटनेसला गाडी अडकते, विकताना अडकते, आणि ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलिसांत तुम्ही अडकता. ब्लॉक बदलायचाच असेल तर पक्कं बिल घ्या आणि आरटीओत नोंद करून घ्या.

५. बाजारभाव काढताना तीन भाव काढा

एक, चालू हालतीतला, सर्व कागद जिवंत असतानाचा. दोन, मोठं काम करून घेतल्यानंतरचा. तीन, भंगाराचा. तिसरा घरबसल्या निघतो: आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन असतं, त्याला त्या दिवशीच्या किलोच्या दराने गुणा. साडेआठ टन आणि पंचवीस रुपये धरले तर दोन लाखांच्या थोडं वर. ही तुमची तळरेषा.

पहिल्या दोन भावांसाठी देवास नाका आणि ट्रान्सपोर्ट नगरच्या दोन-तीन दलालांना वेगवेगळं विचारा, आणि ऑनलाइन जाहिरातींतले भाव बघा. तिथला मागितलेला भाव आणि प्रत्यक्ष सौदा यांत अंतर असतं. बहुतेक वेळा असं दिसतं की अडीच लाखांच्या इंजिनाने विक्रीचा भाव अडीच लाखांनी वाढत नाही. म्हणून विकण्यासाठी इंजिन बांधू नका. चालवण्यासाठी बांधा. विकायचीच असेल तर धुऊन, दिवे-इंडिकेटर चालू करून, ताजं फिटनेस काढून विका. माझ्या पाहण्यात फिटनेस जिवंत असलेली गाडी “गाडी” म्हणून विकली जाते आणि फिटनेस संपलेल्या गाडीचा भाव झपाट्याने भंगाराकडे सरकतो. त्यामुळे हा सगळा विचार फिटनेस संपायच्या तीन-चार महिने आधी सुरू करा.

भाव विचारताना एक कारण तुम्हाला ऐकवलं जाईल: २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून जुन्याचे भाव पडले. कपात खरी आहे आणि तिचा दबाव जुन्या गाड्यांवर येणं स्वाभाविक आहे. पण त्याच्या नावाखाली कुणी मनमानी कापत असेल तर दुसऱ्या दलालाकडे जा. हंगामाच्या तोंडावर, दसऱ्याच्या आधी, गिऱ्हाईक जास्त मिळतं. भर पावसाळ्यात विकायची वेळ येऊ देऊ नका.

६. एका पानावर मांडणी

वहीचं पान उभं दुभागा. डावीकडे “ठेवली तर” येणारा पुढच्या बारा महिन्यांचा खर्च: डिझेल, दुरुस्ती (दुसरा आणि तिसरा ढीग), फिटनेस, टॅक्स, विमा, आणि उभ्या दिवसांचं बुडालेलं भाडं. उजवीकडे “विकून नवी घेतली तर”: डिझेल, हप्ता, नव्या गाडीचा पूर्ण विमा, टॅक्स, आणि विक्रीतून आलेली रक्कम वजा.

दोन ओळी लोक विसरतात. एक, थर्ड पार्टी विमा गाडीच्या वयाबरोबर स्वस्त होत नाही. तो वजनावर ठरतो. २०२२ च्या दरपत्रकात २० ते ४० टनांच्या मालवाहू गाडीला वर्षाला ४३,९५० रुपये, कर वेगळा. गाडी महिन्यातून दहा दिवस चालो की तीस. दोन, आयकर. तुम्ही अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीने, ज्याला आपण ४४एई म्हणतो, विवरण भरत असाल तर बारा टनांवरच्या गाडीला दर टनामागे महिन्याला १,००० रुपये उत्पन्न धरलं जातं, आणि ते गाडी तुमच्या मालकीची असलेल्या प्रत्येक महिन्याला. अंगणात उभी असली तरी. २५ टनांच्या गाडीचे वर्षाला तीन लाख. “राहू दे उभी, बघू पुढे” हा पर्याय म्हणूनच सगळ्यात महाग आहे.

दोन्ही बाजूंत फरक थोडाच निघाला तर मी ठेवण्याच्या बाजूने असते. डोक्यावर कर्ज नसणं ही मंदीच्या वर्षात फार मोठी ताकद आहे. पण ड्रायव्हरशी बोलून मगच ठरवा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना एसी केबिन बंधनकारक झाली आहे. चांगला ड्रायव्हर मे महिन्यात निमाडच्या उन्हात जुन्या केबिनमध्ये का बसेल, याचं उत्तर तुमच्याकडे हवं. पगार, पंखा, बरी सीट, काहीतरी.

जुन्या गाडीवर कर्ज काढून तिचंच इंजिन बांधणं टाळा. जुन्या गाडीचा व्याजदर चढा असतो आणि हप्ता फिटायच्या आत कागदांची मुदत संपते.

७. ठेवायची ठरली तर

कामाची जागा बदलायचा विचार करा. बारा वर्षांच्या जवळ आलेली सहा चाकी मुंबईला पाठवण्यापेक्षा छावणी आणि चोइथराम मंडीचा माल, पालद्याचे कारखाने, पीथमपूर-देवास अशी कामं तिला झेपतात, आणि बिघडली तरी मिस्त्री तासाभरात पोहोचतो.

इंजिन बांधल्यावर सुरुवातीचे हजार-दीड हजार किलोमीटर हलका भार, मग ऑइल-फिल्टर बदल. ड्रायव्हरला हे पटवणं मिस्त्रीच्या कामाइतकंच महत्त्वाचं. दर किलोमीटरमागे एक रुपया वेगळ्या खात्यात टाकत जा, पुढचं मोठं काम त्यातून निघतं. फिटनेसला जाण्याआधी ब्रेक, हेडलाइट आणि धूर नीट तपासून घ्या. स्वयंचलित तपासणी केंद्रात रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजला जातो, तिथे एक चाक कमजोर असलं तरी पकडलं जातं.

८. विकायची ठरली तर

इथे घाई करू नका. पैसे हातात आले की काम झालं असं वाटतं, आणि खरी जोखीम तिथूनच सुरू होते.

क. कर्ज पूर्ण फेडा आणि फायनान्स कंपनीची एनओसी (ना-हरकत पत्र) व फॉर्म ३५ घ्या. आरसीवरचा बोजा उतरवा. “चालू हप्त्यावर” गाडी देऊ नका: हप्ता थकला की नोटीस तुमच्या नावाने येते.

ख. वाहन पोर्टलवर थकीत टॅक्स आणि ई-चलान बघून भरा. ते राहिले की ट्रान्सफर अडतं.

ग. सौदा लेखी करा. बयाणा किती, बाकी कधी, ट्रान्सफर कोण करणार, खर्च कुणाचा.

घ. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० भरा. कोऱ्या फॉर्मवर सही मुळीच करू नका. दलाल हमखास म्हणेल, “सही करून ठेवा, गिऱ्हाईक मिळालं की नाव टाकतो.” मग गाडी तीन हातांतून फिरते आणि आरसीवर तुमचंच नाव राहतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की अपघात झाला आणि आरसीवर नाव तुमचं असेल, तर गाडी विकली होती असं सांगून भरपाईची जबाबदारी टळत नाही. गाडीला विमा नसेल तर ती रक्कम तुमच्या घरावर येते.

च. गिऱ्हाईक राज्याबाहेरचं असेल तर फॉर्म २८ ची एनओसी आधी. राज्यातलं असेल तर विक्रेत्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. इंदूरचं कार्यालय नायता मुंडल्याला आहे. अर्जाची पावती स्वतः घ्या, दलालाकडे सोडू नका.

छ. गाडी सोपवताना डिलिव्हरी नोटवर तारीख आणि वेळ, दोन्ही. किलोमीटरचा आकडा, घेणाऱ्याची सही, ओळखपत्राची प्रत, साक्षीदार. त्या वेळेनंतरचं चलान किंवा अपघात कुणाचा, हे दाखवायला हाच कागद लागतो.

जीएसटी नोंदणी असेल तर विक्रीवर कर लागू शकतो. घसारा घेतलेला असल्यास विक्रीची किंमत आणि घसारा जाऊन उरलेली किंमत यांतल्या फरकावर १८ टक्के, फरक उणे असेल तर काही नाही. सीएला बिल करायच्या आधी विचारा.

९. भंगारात द्यायची असेल तर

कबाड्याला थेट देऊन मोकळं होऊ नका. नोंदणी रद्द झाली नाही तर टॅक्सची मागणी चालूच राहते आणि तुमच्या चेसिस नंबरचा गैरवापर होऊ शकतो. परिवहन पोर्टलवरच्या यादीतल्या नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या आणि ठेवीचं प्रमाणपत्र, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, घ्या. त्यावर नवी गाडी घेताना नोंदणी फी माफ होते आणि मालवाहू गाडीला टॅक्समध्ये १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. स्वतः नवी घ्यायची नसेल तर हे प्रमाणपत्र दुसऱ्याला विकता येतं. स्क्रॅपिंग केंद्राने देऊ केलेल्या भावात हा फायदा मिळवूनच कबाड्याच्या भावाशी तुलना करा.

विक्री असो की भंगार, शेवटची तीन कामं त्याच आठवड्यात उरका. फास्टॅग बंद करा, नाहीतर नव्या मालकाचा टोल तुमच्या खात्यातून कापला जातो. विमा कंपनीला लेखी कळवा आणि नो क्लेम बोनस जमला असेल तर तो स्वतःकडे राखून ठेवण्याचं पत्र मागा, तो गाडीबरोबर जात नाही. आणि वाहन पोर्टलवर दर आठवड्याला गाडीचा नंबर टाकून बघत राहा. नव्या मालकाचं नाव चढलेलं दिसलं की त्या पानाचा प्रिंट काढून डिलिव्हरी नोटबरोबर त्याच फाईलमध्ये लावा.